आर्ट स्मिथ यांची चांदीची आभूषणे : अंग, अवकाश आणि आधुनिकता

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत दागिने घडविणाऱ्या कारागिरांची एक वेगळी पिढी उदयास आली. सोने, प्लॅटिनम व हिरे या मौल्यवान ऐवजाकडे पाठ फिरवून या पिढीने चांदी, तांबे, पितळ अशा तुलनेने स्वस्त धातूंत काम केले. दागिन्याचे आरेखन आणि त्याची घडण ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीने आपल्या छोट्या कार्यशाळेत करावीत, असा तिचा आग्रह होता. पेढीच्या नावापेक्षा कारागिराच्या नावाला महत्त्व आले ते याच काळात. या निर्मितीला ‘स्टुडिओ ज्वेलरी’ असे नाव रूढ आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४६ मध्ये हाताने घडविलेल्या आधुनिक दागिन्यांचे प्रदर्शन भरविले. त्यात अलेक्झांडर काल्डर व जॅक लिपशिट्झ या शिल्पकारांची आभूषणे मार्गारेट डी पॅटा, सॅम क्रेमर, पॉल लोबेल अशा कारागिरांच्या आभूषणांशेजारी मांडलेली होती. पुढे १९४८ मध्ये मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने पन्नास डॉलरांच्या आतील आधुनिक दागिन्यांचे प्रदर्शन केले. पहिल्या प्रदर्शनाने दागिन्याला कलेच्या पंक्तीत बसविले, तर दुसऱ्याने ही कला पगारदार माणसाच्या आवाक्यातली आहे असे सांगितले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरवणे सोपे नव्हते.

कलेच्या पंक्तीत बसण्यासाठी दागिन्याला एक किंमत मोजावी लागली. त्याचे मोल शिल्पाच्या मापाने ठरू लागले. ‘अंगावर घालण्याचे छोटे शिल्प’ हा शब्दप्रयोग या काळातील आभूषणांविषयी इतक्या वेळा वापरला गेला आहे, की तो गौरवच आहे असे गृहीत धरले जाते. वस्तुतः या शब्दप्रयोगात दागिन्याचे दागिनेपण गौण ठरते आणि ज्या अंगावर तो घालायचा ते अंग चबुतऱ्याच्या जागी जाते. आर्ट स्मिथ (१९१७–१९८२) यांची आभूषणे या मापाने मोजू गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्यांचे सामर्थ्य अन्यत्र आहे. ते कोठे आहे आणि कोठून आले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कारागीर आणि त्याचे दुकान

स्मिथ यांचा जन्म क्युबात, जमैकन आईवडिलांच्या पोटी झाला. १९२० मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थायिक झाले. कूपर युनियन या नामांकित कलाशिक्षणसंस्थेत त्यांनी शिक्षण घेतले व १९४० मध्ये ते पदवीधर झाले. तेथील मोजक्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ते एक होते. सरकारी नोकरी मिळण्याची शक्यता अधिक म्हणून त्यांना वास्तुकलेकडे वळविण्याचा प्रयत्न झाला. परंतु गणिताशी त्यांचे जमले नाही आणि ते शिल्पाकडे वळले. हिताचा म्हणून दिलेला सल्ला माणसाची जागा कशी आधीच ठरवून टाकतो, याचा हा एक नमुना. पुढे हार्लेममध्ये मुलांना हस्तकला शिकविण्याचे काम करीत असता विनिफ्रेड मेसन यांच्याशी त्यांचा परिचय झाला. मेसन या ग्रिनिच व्हिलेजमध्ये स्वतःची कार्यशाळा चालविणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्री-कारागीर होत. स्मिथ त्यांचे साहाय्यक झाले. स्मिथ यांच्या चरित्रात मेसन यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. तांबे-पितळ्याचा पत्रा व तार यांतून मोठा आकार उभा करण्याचे काम स्मिथ यांनी ज्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे जवळून पाहिले, तिला एवढे थोडके श्रेय पुरेसे नाही.

१९४६ मध्ये स्मिथ यांनी कॉर्नेलिया स्ट्रीटवर स्वतःचे दुकान उघडले. ग्रिनिच व्हिलेज हे कलावंतांचे, मोकळ्या विचारांचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध असले तरी त्या गल्लीत कृष्णवर्णीय माणसाचे दुकान सहन झाले नाही. वर्णद्वेषातून दुकानावर हल्ले झाले व त्यांना जागा सोडावी लागली. नंतरचे दुकान १४० वेस्ट फोर्थ स्ट्रीट येथे, वॉशिंग्टन स्क्वेअरच्या जवळ होते. हे दुकान १९७९ पर्यंत चालले. पुढे दर्शनी दुकान, मागे ऐरण-हातोडी, अशी या परिसरातील कारागिरांची सर्वसाधारण रीत होती. गिऱ्हाईक समोर येते, हात पुढे करते, गळ्याला वस्तू लावून पाहते आणि कारागीर ते रोज पाहतो. ज्याच्या कामाचे केंद्र मानवी अंग आहे, त्याच्यासाठी ही रचना केवळ व्यापाराची सोय राहत नाही.

धातूच्या निवडीविषयीही थोडे थांबावे लागते. स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के चांदी असते, उरलेला भाग मुख्यतः तांब्याचा. शुद्ध चांदी मऊ असते. तांब्याच्या या मिश्रणामुळे ती आकार धरून राहते. हातोडीने ठोकली, वाकवली, ताणली की ती कठीण होत जाते. फार कठीण झाली तर तडकते, म्हणून कारागीर तिला मध्येच तापवून पुन्हा मऊ करतो. शेवटची ठोकणी कोठे करावयाची आणि कोठे थांबावयाचे, यावर त्या तारेची लवचीकता ठरते. गळ्याभोवती बसणारी, फाशाशिवाय केवळ स्वतःच्या ताणावर टिकणारी वस्तू घडवायची तर हे भान अत्यावश्यक असते. शिवाय वजनाचा प्रश्न आहे. सोने एका घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम भरते, चांदी साधारण १०.५ ग्रॅम. तळहाताएवढे आकार सोन्यात घडविल्यास ते घालणाऱ्याला ओझे होतील आणि घेणाऱ्याला परवडणार नाहीत. स्वस्त धातूची निवड ही या पिढीची वैचारिक भूमिका म्हणून सांगितली जाते, आणि ती होतीही. परंतु स्मिथ यांच्या बाबतीत ती आकाराची गरजसुद्धा होती. तांबे-पितळ्यात त्यांनी आरंभीचे बरेच काम केले आणि पुढे चांदीकडे ते अधिकाधिक वळले.

नृत्यमंचाने दिलेले माप

स्मिथ यांच्या आभूषणांविषयी पहिली जाणवणारी गोष्ट म्हणजे त्यांचा आकार. ‘लाव्हा’ या नावाचे त्यांचे हाताचे आभूषण (आरेखन सुमारे १९४६) मनगटापाशी थांबत नाही. एकमेकांवर चढलेल्या, वाहत्या कडांच्या पत्र्यांनी ते कोपराखालचा हात व्यापते. त्याला कंकण म्हणावे तर कंकणाची गोलाई नाही, आणि कवच म्हणावे तर त्याचा संरक्षणाशी संबंध नाही. एक अंगठी अशी आहे की तिच्यातील तीन खडे तीन बोटांवर पसरतात. हे माप कोठून आले?

शिल्पकलेच्या शिक्षणातून आले, असे उत्तर सहज सुचते. ते अपुरे आहे. कूपर युनियनमध्ये शिल्प शिकलेले अनेक जण असतील, त्यांनी हातभर दागिने घडविले नाहीत. अधिक समाधानकारक उत्तर नृत्यमंचाकडे बोट दाखवते. नर्तक व नृत्यदिग्दर्शक टॅली बीटी यांच्यामुळे स्मिथ यांचा प्रवेश फ्रँक व डॉर्कस नील यांच्या घरी भरणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या बैठकींत झाला. जेम्स बाल्डविन, बिली स्ट्रेहॉर्न, लीना हॉर्न, हॅरी बेलाफाँटे अशी मंडळी त्या वर्तुळात होती. बीटी, पर्ल प्रायमस व क्लॉड मार्शँट यांच्या नृत्यसंघांसाठी स्मिथ दागिने घडवू लागले. रंगमंचावरचा दागिना शेवटच्या रांगेतून दिसावा लागतो. नाजूक जडावकाम तेथे निरुपयोगी ठरते. बाह्यरेषा ठळक हवी, पत्रा प्रकाश परतवणारा हवा. दुसरी अट अधिक कठीण. नर्तकाचा हात वळतो, पाठ वाकते, मान झटक्याने फिरते. त्या हालचालीत दागिना अडथळा होता कामा नये, तो गळून पडता कामा नये, आणि हालचालीचा अर्थ त्याने बिघडवता कामा नये. दागिन्याचा विचार स्थिर अंगाच्या संदर्भात न करता हलत्या अंगाच्या संदर्भात करण्याची सवय स्मिथ यांना येथे लागली. ही सवय त्यांनी रंगमंचावरून उचलून वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर आलेल्या सामान्य गिऱ्हाइकाच्या अंगावर आणली. शिक्षिका, कारकून किंवा चित्रकार असलेली एखादी स्त्री ‘लाव्हा’ घालून निघाली म्हणजे तिचा हात नकळत निराळ्या रीतीने उचलला जाई, असे त्या आभूषणाची रचना पाहता म्हणता येते. एवढा धातू हातावर असताना हात विसरता येत नाही.

स्मिथ यांनी स्वतः मांडलेली भूमिका याच दिशेची आहे. अंगाशी नाते जुळल्याशिवाय दागिना ही अपुरी, ओळख न पटणारी वस्तू असते, आणि रेषा, आकार, रंग यांच्याप्रमाणेच शरीर व हवा हेदेखील आरेखनाचे साहित्य आहे, अशा आशयाचे त्यांचे विवेचन आहे. कलावंताच्या स्वतःविषयीच्या विधानावर समीक्षेने विसंबून राहू नये. येथे मात्र वस्तूच त्या विधानाची साक्ष देतात.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला या ठिकाणी मम्मटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘काव्यप्रकाशा’च्या आठव्या उल्लासात मम्मटाने अलंकाराला हाराची उपमा दिली. हार गळ्याला शोभा देतो व त्या अंगाच्या द्वारे, तेही कधीमधी, आत्म्याला उपकारक ठरतो. तसा काव्यालंकार शब्दार्थाच्या द्वारे रसाला. गुण हे आत्म्याचे धर्म, अलंकार बाहेरून आलेला. काव्याविषयीचे हे विवेचन सूक्ष्म आहे. पण त्याने गृहीत धरलेला हार हा अंगावाचूनही पूर्ण असलेला हार आहे. पेटीत ठेवला तरी तो हारच राहतो. स्मिथ यांच्या आभूषणांना हे गृहीतक लागू पडत नाही. टेबलावर ठेवलेला ‘लाव्हा’ हा वाकवलेल्या पत्र्यांचा काहीसा बोजड ढीग वाटतो. शिल्प म्हणून पाहिल्यास त्याला कोणत्याही बाजूने पुरेसा आधार नाही, त्याची आतली पोकळी अर्थहीन दिसते. ती पोकळी हाताची आहे. हात आत येताच पत्र्यांच्या कडांमधून त्वचा दिसू लागते आणि त्वचेच्या रंगासह आकृती पूर्ण होते. येथे अंग हे अलंकाराचे स्थान राहत नाही, ते त्याचा घटक होते. म्हणूनच ‘छोटे शिल्प’ हे बिरुद स्मिथ यांना लावणे हा त्यांचा सन्मान नसून त्यांच्या कामाचा अर्धा भाग वगळणे आहे.

काल्डर यांच्याशी होणारी तुलना या संदर्भात तपासण्याजोगी आहे. ‘पॅटिना’ हा स्मिथ यांचा चांदीचा गळ्यातील अलंकार (आरेखन सुमारे १९५९) काल्डर यांच्या हलत्या शिल्पांपासून, म्हणजे ‘मोबाइल’पासून स्फुरलेला आहे हे मान्यच आहे. परंतु काल्डर यांचा मोबाइल वाऱ्याने हलतो. त्याची गती योगायोगाची, कोणाच्याही इच्छेपासून मुक्त असते. ‘पॅटिना’चे टांगते भाग श्वासाने, बोलण्याने, मान वळविण्याने हलतात. गतीचे कारण बदलले की गतीचा अर्थ बदलतो. ऋण स्पष्ट आहे, पण त्या ऋणाचा विनियोग स्मिथ यांचा स्वतःचा आहे.

सगळेच काम या तोलाचे आहे असे मात्र नाही. ड्यूक एलिंग्टन यांच्यासाठी घडविलेल्या बाह्यांच्या गुंड्यांमध्ये ‘मूड इंडिगो’ या त्यांच्या १९३० च्या प्रसिद्ध रचनेतील आरंभीचे स्वर गुंफले आहेत. प्रसंगाला साजेशी ती भेट असेल. जाझच्या आत्म्याशी तिचा संबंध तेवढाच, जेवढा ग्रंथाच्या मुखपृष्ठाचा ग्रंथाशी. याउलट ‘एलिंग्टन’ या नावाच्या हारात (सुमारे १९६२) कोणतीही स्वरलिपी नाही. चांदीत फिरोजा, ॲमेथिस्ट, रोडोनाइट असे भिन्न रंगांचे खडे आहेत. ते पैलूदार व महागडे नाहीत, रंगाच्या वजनासाठी निवडलेले आहेत. त्यांच्यातील असमान अंतरांमुळे नजर एका खड्यावरून दुसऱ्यावर जाताना थबकते आणि पुढे सरकते. संगीताशी नाते सांगायचेच असेल तर ते येथे सांगावे. तरीही ‘लाव्हा’च्या तुलनेत या हारात खड्यांवरची भिस्त वाढलेली जाणवते, उत्तरकाळात सोने व खडे अधिक दिसू लागतात (१९७४ चे ‘ऑटम लीव्ह्ज’ हे सोने व जेडचे ब्रूच या काळातील) आणि अंगाला पेचात टाकणारी धिटाई काहीशी कमी होते.

दोन अपुरी वाचने

स्मिथ यांच्याविषयीच्या लेखनात दोन प्रवृत्ती आढळतात. पहिली रूपवादी. तिच्या लेखी स्मिथ हे अमेरिकन आधुनिक दागिन्यांच्या चळवळीतील एक नाव असून त्यांचे वाहते, पेशीसदृश आकार आर्प, मिरो, काल्डर यांच्या परंपरेत बसतात. दुसरी प्रवृत्ती चरित्रवादी. स्मिथ कृष्णवर्णीय होते, समलिंगी होते, दोन्ही समूहांच्या नागरी हक्कांचे पुरस्कर्ते होते. म्हणून त्यांचे दागिने या अस्मितांचे आविष्कार आहेत, असे ती मानते. यातून कधीकधी एक विचित्र न्याय होतो. आर्प यांनी असा आकार काढला की तो अतिवास्तववाद ठरतो. तोच आकार स्मिथ यांनी काढला की तो आफ्रिकन स्मृती ठरतो. डी पॅटा यांच्या कामाचा उलगडा करताना मोहोली-नॉज यांच्याकडे घेतलेल्या शिक्षणाचा दाखला दिला जातो, आणि स्मिथ यांच्या कामाचा उलगडा करताना त्यांच्या वर्णाचा. एकाला शिक्षण, दुसऱ्याला रक्त, अशी ही वाटणी आहे, आणि ती हेतू चांगला असतानाही केली जाते हे अधिक चिंतेचे.

परंतु या अन्यायाला उत्तर म्हणून रूपवादाकडे परतणे योग्य होणार नाही. वर पाहिल्याप्रमाणे स्मिथ यांच्या आभूषणांचे माप, त्यांची हालचालीविषयीची जाण, अंगाला घटक मानण्याची त्यांची रीत ही सर्व रूपाची वैशिष्ट्ये आहेत, आणि त्यांचा उगम एका विशिष्ट सामाजिक वर्तुळात आहे. गोऱ्या नृत्यसंस्थांची दारे पुरेशी उघडलेली नसताना आपले स्वतंत्र संघ उभारणाऱ्या कृष्णवर्णीय नर्तकांना दागिने हवे होते, आणि ते घडविणारा कारागीर त्यांच्याच बैठकीत बसलेला होता. येथे इतिहास कलाकृतीच्या बाहेर पार्श्वभूमीसारखा उभा नसून पत्र्याच्या रुंदीत उतरलेला आहे. वर्णाचा संबंध आहेच. तो रक्ताचा नसून कामाचा आहे.

आरेखनाचे वर्ष, वस्तूचे वर्ष

जुन्या आधुनिक चांदीच्या दागिन्यांचा संग्राहकांमध्ये आज मोठा बोलबाला आहे आणि त्यात स्मिथ यांची स्वाक्षरी कोरलेल्या वस्तूंना विशेष मागणी असते. या मागणीने अभ्यासापुढे एक अडचण उभी केली आहे. स्मिथ आपली आरेखने वर्षानुवर्षे पुन्हा घडवीत. तेच आरेखन तांबे-पितळ्यातही आढळते आणि चांदीतही. त्यामुळे ‘लाव्हा, १९४६’ अशा उल्लेखातील वर्ष आरेखनाचे असते, हातातील वस्तूचे असेलच असे नाही. संग्रहालये ‘आरेखन अमुक वर्षी’ असा काटेकोर शब्द वापरतात. बाजारात तो बरेचदा गळतो. अद्वितीय कलाकृतीची अपेक्षा ठेवणाऱ्याला हे पुनरावर्तन उणेपणाचे वाटते. दुकान चालवून पोट भरणाऱ्या कारागिराला मात्र ते वावगे नव्हते. प्रत्येक वेळी पत्रा नव्याने कापला, ठोकला, झाळून जोडला जाई, आणि घेणाऱ्याचे मनगट निराळे असे. वॉकर आर्ट सेंटरच्या प्रदर्शनाने धरलेली परवडण्याची अपेक्षा अशा पुनरावर्तनावाचून पुरी होणे कठीण होते. तेव्हा प्रतींची संख्या ही कलामूल्यातील घट मानण्यापेक्षा, एका आरेखनाचे निरनिराळ्या अंगांवर झालेले प्रयोग म्हणून त्यांच्याकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल. असा तौलनिक अभ्यास हाती घ्यायचा तर एकाच आरेखनाच्या प्रती शेजारीशेजारी ठेवाव्या लागतील, आणि त्या तर जगभर विखुरल्या आहेत.

काचेच्या पेटीत

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ कंटेम्पररी क्राफ्ट्सने १९६९ मध्ये स्मिथ यांचे एकल प्रदर्शन भरविले. हयातीत मिळालेला हा सर्वांत मोठा सन्मान. ब्रुकलिन म्युझियमला २००७ मध्ये त्यांच्या सोन्याचांदीच्या २१ वस्तूंची भेट मिळाली आणि २००८ मध्ये बॅरी हारवुड यांच्या संयोजनाखाली तेथे जे प्रदर्शन सुरू झाले ते २०११ पर्यंत चालले. त्यात दागिन्यांबरोबर स्मिथ यांची हत्यारे, दुकानाची पाटी आणि पीटर बॅश यांनी काढलेली, दागिने घातलेल्या मॉडेलांची छायाचित्रेही मांडली होती. ही मांडणी विचारपूर्वक केलेली होती. छायाचित्रांवाचून तेथील निम्म्या वस्तू अबोल राहिल्या असत्या.

छायाचित्रालाही मर्यादा आहे. ते एका अंगाचा एक क्षण पकडते, आणि तो क्षणही मॉडेलचा, छायाचित्रकाराने रचलेला असतो. ‘पॅटिना’चे टांगते भाग त्यात थिजलेले दिसतात. संवर्धनशास्त्राच्या नियमांनुसार संग्रहालयातील दागिना अंगावर घालू देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. घाम, मीठ, हवेतील गंधकाची संयुगे यांनी चांदी काळवंडते आणि वारंवार घासून उजळल्याने तिचा पृष्ठभाग झिजतो. वस्तू टिकवायची तर तिला ज्या अंगासाठी ती घडली त्यापासून दूर ठेवावे लागते. हा पेच सर्वच दागिन्यांना लागू असला तरी स्मिथ यांच्या बाबतीत तो सर्वाधिक बोचतो. निदान प्रतिकृती घडवून त्या नर्तकांच्या अंगावर चढवाव्यात, त्यांची हालचाल चित्रित करावी आणि ते चित्रण वस्तूशेजारी दाखवावे, एवढे आजच्या तंत्राने सहज शक्य आहे. नोंदपत्रकात लांबी-रुंदीबरोबर वजन आणि वस्तू अंगाच्या कोणत्या भागावर विसावते, हेही लिहिले जावे. तीन बोटांवर पसरणारी ती अंगठी काचेमागे सपाट ठेवलेली असते तेव्हा तीन खडे एका ओळीत दिसतात. बोटे किंचित वाकली की ओळ तुटते, तिन्ही खडे तीन दिशांना पाहू लागतात, आणि मूठ मिटताना ती अंगठी तिला किती मिटू देते, हे घातल्याशिवाय कळत नाही.